जंगल ‘ललित’च्या कपाटात

‘पर्यावरणावर आपल्या भाषांत पुस्तकंच नाहीत’ ही तक्रार आता पुरे झाली. पुस्तकं आहेत. ती सापडत नाहीत, आणि त्याला कारण आपली कपाटं आहेत.

मी रायपूरच्या पंडरीत राहते. इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात पर्यावरणाचं कपाट विचारलं, तर बोट स्पर्धा परीक्षांच्या गाइडांकडे वळलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. हेतू उत्तमच होता, पण सक्तीच्या विषयाला आधी गाइडं फुटतात. ओझोनचा थर, चार पर्याय, एक उत्तर. उरला-सिलतराच्या कारखान्यांची काळी धूळ गच्चीवरून झाडणाऱ्या माणसाने त्यात काय शोधावं?

त्याच्या कामाची पुस्तकं भलतीकडे बसली आहेत. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ ललित गद्यात. वनखात्यात उभी नोकरी केलेल्या मारुती चितमपल्लींचं ‘चकवाचांदण’ आत्मचरित्रांत. मिलिंद बोकिलांची ‘गोष्ट मेंढा गावाची’ फार तर समाजशास्त्रात. गडचिरोलीतल्या या गोंड गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. हसदेवच्या जंगलाखालच्या कोळशावरून ज्या राज्यात वर्षानुवर्षं संघर्ष चालू आहे, तिथल्या वाचकाला याहून जवळचं पुस्तक कोणतं? आणि अनुवाद असेल, तर विषयच संपला; ते ‘अनुवादित’मध्ये जातं. अनुवादित ही काय विषयाची जात झाली?

दशांश वर्गीकरणाकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. त्यात नैसर्गिक संपत्ती ३३३.७ला, प्रदूषण ३६३.७ला, परिसंस्था ५७७ला आणि मराठी साहित्य ८९१.४६ला, हे खरं. फळीवर पुस्तकाला एकच जागा मिळते, हेही खरं. पण तालिकेत एका पुस्तकाच्या हव्या तितक्या विषयनोंदी करता येतात. ‘ऋतुचक्र’ ललितच राहू द्या. त्याच्या नोंदीत ‘निसर्ग’, ‘ऋतू’, ‘पर्यावरण’ हे तीन शब्द घाला. पंडरीच्या कापडबाजारातला दुकानदार गिऱ्हाइकाला आधी ‘कशासाठी हवंय?’ विचारतो आणि चार वेगळ्या फळ्यांवरचे तागे पुढ्यात उलगडतो. वाचनालयाने तेवढं तरी करावं.

माणसं नाहीत, अनुदान नाही, हे ग्रंथपालांचं म्हणणं रास्त आहे. पण इथे नवं पुस्तक घ्यायचं नाही, नवं कपाटही नको. शे-दोनशे पुस्तकांच्या नोंदी दुरुस्त करायला चार दुपारी पुरतील आणि ते काम वाचकही हाताखाली बसून करू शकतील.

हिंदीतही हीच गत आहे. अनुपम मिश्र यांचं ‘आज भी खरे हैं तालाब’ (१९९३) स्वामित्वहक्काविना निघालं. कुणीही छापावं, कुणीही अनुवाद करावा. लेखकाने मोकळं सोडलेलं असं पुस्तक आपण निबंधांच्या कपाटात कोंडून ठेवतो.

म्हणून मागणीच्या वहीत नव्या पुस्तकाचं नाव लिहिण्याआधी जुन्या पुस्तकांच्या विषयनोंदी मागा.