विश्लेषण : पोकरमध्ये जिंकलेल्या डावातली चूक दिसत का नाही?

ऑनलाइन पोकर स्पर्धेत हरलेल्याला एक सल्ला हमखास मिळतो : ‘खेळत राहा, चुकांतूनच शिकाल.’ बुद्धिबळात तो चालतो, कारण तिथे चुकीची खेळी बहुतेक वेळा अंगाशी येते. पोकरमध्ये चुकीच्या वेळी चिप्स लावूनही ढीग पदरात पडतो आणि सगळे बरोबर करूनही माणूस बाहेर जातो. त्यामुळे नुसत्या हरण्याने इथे कोणी शहाणे होत नाही. उलट, चुकीचाच धडा पक्का होण्याची भीती जास्त.

निकाल का फसवतो?

‘टेक्सास होल्डेम’ या सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या प्रकारात तुमच्याकडे दोन एक्के आहेत, समोरच्याकडे दोन राजे. टेबलावरचे पत्ते उघडण्याआधीच दोघांनी सगळ्या चिप्स लावल्या, तर साधारण ८२ टक्के वेळा एक्के जिंकतात. उरलेल्या वेळी तुम्ही बाहेर. यात चूक शोधत बसलात तर पुढच्या वेळी एक्के हातात असूनही बिचकत खेळाल आणि ती मात्र खरी चूक ठरेल. स्पर्धेत असे प्रसंग एकामागून एक येतात. सर्वस्व पणाला लागलेल्या चार डावांत प्रत्येक वेळी ८० टक्के शक्यता बाजूने असली, तरी चारही डाव तरून जाण्याची शक्यता ४१ टक्केच उरते.

निकालावरून निर्णयाची प्रत ठरवण्याच्या या सवयीला पोकरपटू ‘रिझल्टिंग’ म्हणतात. माजी व्यावसायिक खेळाडू अ‍ॅनी ड्यूक यांनी २०१८च्या ‘थिंकिंग इन बेट्स’ या पुस्तकातून हा शब्द पोकरबाहेरही नेला. अमेरिकेतील टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर २००३ मध्ये ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. जगाने लक्षात ठेवला तो आकडा. त्याने कोणत्या डावात काय विचार केला, हे फार थोड्यांनी पाहिले.

मग चूक मोजायची कशी?

साध्या हिशेबाने. तुमच्या हातात दोन बदाम, टेबलावरच्या चार पत्त्यांत दोन बदाम. आणखी एक बदाम आला की फ्लश. मध्ये १,००० चिप्स आहेत आणि समोरच्याने ५०० लावल्या. तुम्हीही ५०० घातल्या तर ढीग होतो २,००० चा, त्यात तुमचा वाटा चौथा. म्हणजे किमान २५ टक्के वेळा जिंकायला हवे. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. शक्यता २० टक्क्यांच्या आतच. शेवटच्या पत्त्यानंतर आणखी मोठी रक्कम मिळण्याची खात्री नसेल, तर पत्ते टाकून देणेच योग्य. पण पाचांतून एकदा बदाम येतोच. तो आला की ‘मला आतून वाटलंच होतं’ म्हणायला आपण मोकळे!

आता खुर्ची बदला. समोरच्याने ५०० ऐवजी २५० च लावल्या असत्या, तर तुम्हाला १७ टक्केही पुरले असते. म्हणजे चूक त्याची झाली असती. त्याने शेवटचा पत्ता स्वस्तात दाखवला. नवखे खेळाडू ही चूक सतत करतात आणि बदाम न आल्यामुळे ढीग जिंकला की तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

स्पर्धेत हिशेब बदलतो का?

बदलतो, आणि सर्वात महाग चुका इथेच होतात. समजा, एकूण बक्षीस १,००० रुपये. पहिल्याला ५००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २००. चौघे उरले आहेत, सगळ्यांकडे सारख्याच चिप्स. प्रत्येकाच्या जागेची किंमत २५० रुपये. एकाशी सर्वस्व लावून तुम्ही जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण जागेची किंमत ५०० नव्हे, सुमारे ३८३ रुपये होते. हरलात तर शून्य. ‘आयसीएम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गणितानुसार अशा वेळी किमान ६५ टक्के शक्यता हवी. ६० टक्क्यांवर झेप घेणारा धाडसी दिसतो, पण तोट्यात खेळतो.

यातले काहीही डावाच्या धामधुमीत उमगत नाही. गोव्याच्या कॅसिनोत टेबलावरून उठल्यावर उरते ती फक्त आठवण, आणि ती आपल्याला सोयीची असते. ऑनलाइन खेळात मात्र प्रत्येक डावाची नोंद राहू शकते. शिकायचे तर ती उघडावी, शेवटचा पत्ता आणि निकाल झाकावा आणि त्या क्षणी दिसत होते तेवढ्यावरूनच निर्णय तपासावा. जिंकलेले डाव आधी.

भारतात हा अभ्यास पैसे लावून करायचा मार्ग मात्र बंद झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि देशातील मोठ्या कंपन्यांनी असे खेळ थांबवले. ‘सराव हवा’ म्हणून परदेशी संकेतस्थळांकडे वळणे हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो. पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार? फुकटच्या चिप्सवर लोक काहीही हातात घेऊन सर्वस्व लावतात, ही तक्रार खरी आहे. पण २५ टक्के आणि २० टक्क्यांतला फरक कळायला खिशातला रुपया लागत नाही. जुन्या डावांच्या नोंदी आणि कागद-पेन्सिल पुरते.