आधी कोण, मग कोण?

पुण्यात १८९५ च्या डिसेंबरात काँग्रेस भरली तेव्हा एका मांडवावरून जे रण माजले, ते मराठी माणसाने विसरू नये. काँग्रेस उठली की त्याच मांडवात सामाजिक परिषद भरवायची, असा काही वर्षांचा रिवाज होता. टिळकपक्षाने हरकत घेतली, मांडव जाळण्याच्या धमक्या आल्या आणि न्यायमूर्ती रानड्यांनी परिषद दुसरीकडे नेली. आगरकर त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते. नाहीतर त्यांच्या ‘सुधारका’चा तो अंक हातात धरवला नसता. आधी राजकीय की आधी सामाजिक, हा तो वाद. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. परीक्षेच्या पेपरात आपण आगरकरांची बाजू लिहितो आणि चळवळीच्या कचेरीत पाऊल टाकले की बिनदिक्कत ‘आधी-मग’वाले होतो!

हक्कासाठी रस्त्यावर उतरलेला प्रत्येक समाज आपल्या पाठीमागे उभ्या असलेल्याला एकच वाक्य ऐकवतो. तुझे म्हणणे खरे आहे, पण आत्ता नको. आधी मोठी लढाई जिंकू, घरातले मग बघू. हे वाक्य त्याला कोणी शिकवले? त्याच्या छातीवर पिढ्यान् पिढ्या बसलेल्याने! गुरूकडून घ्यायला एवढी एकच विद्या सापडली काय?

आमचे हे म्हणणे कोणाला झोंबले, तर झोंबू द्या. दाखले आमच्याच घरातले आहेत. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला चालला आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचे डोके भडकले. १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. बाई मराठा, वडील सत्यशोधक. लेखणीने मात्र पुरुष पाहिला, त्याची जात पाहिली नाही. नाके कोणी मुरडली? सनातन्यांनी मुरडली असतील त्यात नवल नाही, पण सत्यशोधक गोटातल्या पुढाऱ्यांनाही ते पुस्तक सोसले नाही. भटशाहीवर तुटून पडणाऱ्यांना घरातला आरसा नको होता. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये आपल्याच सोबत्यांचे कान उपटले, म्हणून त्या चळवळीची लाज राहिली. आजच्या किती पुढाऱ्यांत आपल्या माणसाचा कान धरण्याची हिंमत आहे?

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्धच्या त्या मोर्चात सात बायका होत्या. सात! समाजाने त्यांना घरभेदी ठरवले. एरवी स्त्रीमुक्तीवर तासभर बोलणारे कितीतरी पुरोगामीही पुढची अनेक वर्षे दारे लोटून बसले, कारण काय, तर अल्पसंख्य समाज आधीच भेदरलेला आहे. भेदरलेला होता हे खोटे नाही. पण त्या समाजातली बाई दोन्हीकडून भेदरलेली होती, तिचे काय? १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाहबानोंना पोटगी दिली आणि १९८६ मध्ये संसदेने मौलवींच्या दडपणापुढे मान तुकवून नवा कायदा केला. ती मान ताठ राहिली असती, तर पुढे दुसऱ्या कोणाला कैवाराचे सोंग आणता आले नसते. २०१७ मध्ये तिहेरी तलाक न्यायालयाने रद्द ठरवला, २०१९ मध्ये नवऱ्याला तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगाचा कायदा झाला, आणि ज्यांना इमारतीत मुसलमान भाडेकरू चालत नाही, त्यांना मुसलमान बाई एकाएकी बहीण वाटू लागली! कैवारी खोटा आहे. म्हणून बाईचे गाऱ्हाणे खोटे होते काय?

असले कैवारी सगळीकडे भेटतात. महिला आरक्षणाचे विधेयक १९९६ मध्ये प्रथम संसदेत आले. ज्या पुढाऱ्यांना तिकीट वाटताना ओबीसी बाई कधी सुचली नव्हती, त्यांना विधेयक अडवताना ती नेमकी आठवली. समोरून उत्तर आले, आधी विधेयक होऊ द्या, आतला वाटा मग बघू. २०२३ मध्ये घटनादुरुस्ती झाली. ओबीसी बाईचा वाटा त्यात नाही, आणि अंमल जनगणना व मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावर. ‘मग’ म्हणतात तो हा!

आता ज्या प्रश्नावर महाराष्ट्रातले भलेभले मूग गिळून बसले आहेत, तिकडे वळू. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध एक मतांनी २००४ चा जुना निकाल फिरवला आणि माहितीच्या आधारे अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याचा अधिकार राज्यांना दिला. महाराष्ट्रात या यादीत ५९ जाती आणि त्यांना मिळून आरक्षण १३ टक्के. मातंग समाज कैक वर्षे ‘अबकड’, म्हणजे या आरक्षणाची गटवार वाटणी, मागतो आहे. आंबेडकरी पुढाऱ्यांचे उत्तर ठरलेले: हा फूट पाडण्याचा डाव आहे.

डाव असेलही. सरकारी भरती कंत्राटदाराच्या हाती द्यायची, जागा रिकाम्या ठेवायच्या आणि ताटात उरलेल्या चतकोरासाठी दोन भावांना झुंजवायचे, हा खेळ आम्हालाही दिसतो. बौद्ध समाजाने कोणाचे हिसकावून घेतले, असे म्हणणाऱ्याच्या तर जिभेला हाड नाही. त्याने येसकरकी सोडली, मेलेले ढोर ओढणे सोडले, १९५६ मध्ये धर्म सोडला आणि उपाशी पोटी पोरे शाळेत धाडली. तो पुढे गेला तो आपल्या पायांनी. पण एवढे सगळे खरे धरूनही मांगवाड्यातल्या पोराचा प्रश्न जागच्या जागी राहतो: माझ्या वाट्याला किती आले? या प्रश्नाला ‘एकजूट राखा’ हे उत्तर होत नाही. गावकुसाबाहेरच्यालाही गाव एकेकाळी एकजुटीचेच नाव सांगत असे. त्याच निकालात न्यायमूर्ती भूषण गवई यांनी रेल्वेच्या साध्या डब्याची उपमा दिली: धक्के खात आत शिरलेला माणूसच मग दार अडवून उभा राहतो. बाहेरच्याने म्हटले असते तर डाव ठरला असता. हे आंबेडकरी घरात वाढलेल्या बौद्ध माणसाने लिहिले आहे.

आणि मातंग पुढाऱ्यांनो, तुम्हीही ऐका. बौद्धांना शिव्या घालण्यासाठी जे तुम्हाला हौसेने व्यासपीठ देतात, त्यांनी आपल्या विहिरीवर तुमच्या आजाला पाणी कधी भरू दिले होते? वाटा मागा, ठणकावून मागा. पण भाडोत्री लाठी होऊ नका. उद्या वाटा पदरात पडल्यावर तुमच्याच वाड्यातली बाई पुढे आली, तर तिला ‘आत्ता नको’ म्हणणार नाही, याची हमी आजच द्या.

सरकारचे काय? ते समिती नेमून मोकळे. प्रत्येक अनुसूचित जातीची माणसे किती, हे जनगणना सांगते. नोकऱ्या आणि प्रवेश कोणाकडे किती गेले, तो तक्ता चव्हाट्यावर मांडा की! मांडणार नाहीत. आकडा बाहेर आला तर झुंजवायचे कोणाला? धनगरांना एका मेळाव्यात शब्द द्यायचा आणि आदिवासींना दुसऱ्या मेळाव्यात अभय, हा त्याच कारखान्यातला माल. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी धनगर समाजाला आदिवासींच्या यादीत घालू नये म्हणून मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या जाळीवर उडी घेतली. न्याय न मिळालेली माणसे तिथे जीव देऊ लागली म्हणून ती जाळी बांधलेली. तिच्यात सत्ताधारी बाजूचा उपाध्यक्ष! धनगराची भूक खरी, आदिवासीची धास्ती खरी. खोटा तेवढा वाढपी, जो एकाच्या ताटातले उचलून दुसऱ्याला वाढण्याचे वचन देतो आणि स्वतःच्या पंगतीला हात लावू देत नाही.

उपवर्गीकरणाच्या सभांना जाणाऱ्यांनी, आणि त्या उधळायला जाणाऱ्यांनीही, १८५५ चा ‘ज्ञानोदय’ काढून पाहावा. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध त्यात छापला आहे. विषय मांग-महारांचे दुःख. दोघांचे, एका दमात. त्यातच बिनछपराच्या घरात थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बाईचे हाल आहेत. आधी मांग की आधी महार, आधी जात की आधी बाई, हा पेच त्या पोरीला पडलाच नाही. शाळेत जाऊन तिला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती.