छोट्या गाडीची मोठी बॅटरी

दिवाळीच्या सुट्टीतील एक दुपार. सांगलीतील एका जुन्या घराच्या ओसरीवर आठवीत शिकणारा मुलगा रिमोटवर चालणारी, पंजाएवढी मोटारगाडी उलटी ठेवून बसला होता. शेजारी स्क्रू-ड्रायव्हर, कापण्याची पक्कड आणि मोबाइलवर अर्ध्यात थांबवलेला एक व्हिडिओ. आजोबा वामकुक्षी आटोपून बाहेर आले. पेठेतील घड्याळदुरुस्तीच्या दुकानात चाळीस वर्षे काढल्यामुळे उघडे यंत्र दिसले, की त्यांची पावले आपोआप थांबत.

गाडी मुळात चार बारीक पेन्सिल सेलवर चालत असे. सेल लवकर उतरतात आणि वेगही बेताचाच, म्हणून मुलाने एक युक्ती केली होती. बिघडलेल्या इअरफोनच्या डबीतील एक लिथियम बॅटरी आणि जुन्या मोबाइलमधील दुसरी, अशा दोन एकसर जोडून त्याने गाडीच्या पाठीवर रबराने बांधल्या होत्या. एका लिथियम बॅटरीचे व्होल्टेज ३.७, म्हणजे दोघींचे ७.४. हिशेब बरोबर होता. गाडी मात्र हट्टाला पेटली होती. हळू चालवली तर चाले. वेग वाढवला, की उसळी घेऊन एकदम बंद पडे, क्षणभराने पुन्हा उसळे आणि पुन्हा बंद. जणू तिला उचक्या लागल्या होत्या.

“आजोबा, हिच्या आतले सर्किटच खराब आहे,” मुलगा म्हणाला. “आणि या बॅटरीच्या टोकाला एक छोटी हिरवी पट्टी असते, ती कापली की गाडी धावते असे व्हिडिओत सांगितले आहे. तेवढी कापतो आता.”

“काप हवी तर,” आजोबा शांतपणे म्हणाले, “पण ती पट्टी तिथे कशासाठी बसवली आहे, ते आधी सांग बरे.”

मुलाकडे उत्तर नव्हते. आजोबांनी पक्कड स्वतःकडे घेतली आणि कपाटातून मल्टिमीटर आणला.

पंजात मावणाऱ्या या गाड्यांचा छंद आता जगभर पसरला आहे. जपानच्या क्योशो कंपनीने १९९९ मध्ये ‘मिनी-झेड’ ही मालिका आणली. खऱ्या मोटारीच्या सुमारे अठ्ठाविसाव्या हिश्शाची ही गाडीही चार बारीक सेलवर धावे. मूळ वेगावर समाधान न मानणारे छंदिष्ट तेव्हापासून बॅटरी बदलण्याचे प्रयोग करीत आले आहेत. बहुतेकांची पहिली समजूत अशी असते, की बॅटरी म्हणजे केवळ व्होल्टेजचा आकडा. आकडा वाढवला, की वेग वाढतो. ही समजूत अर्धीच खरी आहे आणि बहुतेक बिघाड उरलेल्या अर्ध्यातून जन्माला येतात.

बॅटरी म्हणजे पाण्याने भरलेला रांजण मानावा. तिच्या वेष्टनावर मिलीअँपिअर-तासात लिहिलेली क्षमता म्हणजे रांजणाचा आकार. पण रांजण केवढाही असला, तरी एका वेळी किती पाणी मिळणार हे तोटीवर अवलंबून असते. बॅटरीच्या अंगी असणारा अंतर्गत रोध हीच ती तोटी. भिंतीवरच्या घड्याळाला थेंब-थेंब पाणी पुरते, म्हणून एक साधा सेल त्याला वर्षभर चालवू शकतो. गाडीची मोटर मात्र स्थिर अवस्थेतून उसळताना काही अँपिअर विद्युतधारा एकदम मागते. अरुंद तोटीचा रांजण काठोकाठ भरलेला असूनही ती मागणी पुरवू शकत नाही.

आजोबांनी गाडी लाकडी ठोकळ्यावर अशी टेकवली, की चाके अधांतरी राहावीत. मल्टिमीटरच्या दोन्ही सुया जोडलेल्या बॅटऱ्यांच्या टोकांना लावल्या. आकडा आला ८.१. दोन्ही बॅटऱ्या जवळजवळ भरलेल्या होत्या. “आता वेग दे,” ते म्हणाले. चाके गरगरली आणि आकडा एकदम शून्याजवळ कोसळला. गाडीवरचा दिवाही विझला. क्षणभरात आकडा पुन्हा ८.१ वर आला.

“पाहिलेस? गाडीचे सर्किट बिघडले असते, तर बॅटरीचा आकडा असा पडला नसता. दोष गाडीत नाही, तिच्या आधी आहे.”

नंतर त्यांनी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. मोबाइलची बॅटरी अविचल होती. इअरफोनच्या बॅटरीचा आकडा शून्यावर जात होता. मग त्यांनी सुया त्या हिरव्या पट्टीच्या आतल्या बाजूला, प्रत्यक्ष सेलच्या पत्र्यांवर, अत्यंत सावधपणे टेकवल्या. पुन्हा वेग दिला. बाहेर वीज बंद, पण आत ३.९ व्होल्ट जसेच्या तसे! सेल जिवंत होता. वीज अडवत होती ती पट्टी.

मुलाचा चेहरा उजळला. “म्हणजे व्हिडिओतले बरोबरच होते! पट्टीच अडवते आहे.”

“अडवते हे खरे,” आजोबा म्हणाले. “पण अडवणारी प्रत्येक गोष्ट बिघडलेली नसते, बाळा. दाराला कडी असते, तीही अडवतेच.”

लिथियम बॅटरीच्या टोकाला असणारी ही पट्टी म्हणजे तिचा पहारेकरी. मर्यादेबाहेर विद्युतधारा मागितली गेली, सेल गरजेपेक्षा जास्त भरू लागला किंवा अगदी तळापर्यंत रिकामा होऊ लागला, की ती परिपथ तोडते. इअरफोनला लागणारी विद्युतधारा अत्यल्प, म्हणून त्या बॅटरीचा पहारेकरीही थोडक्यावरच हात आडवा धरणारा. मोटरने उसळी मागितली, की तो दार लावून घेई. वीज तुटल्याने मोटर थांबे. मागणी संपताच तो दार उघडी. गाडीच्या उचक्यांचे रहस्य एवढेच होते. बॅटरी बिघडलेली नव्हती. तिने न पेलणाऱ्या कामाला नकार दिला होता.

तो नकार कापून टाकला असता, तर गाडी धावली असती हे खरे. पण इवल्या सेलमधून न झेपणारी विद्युतधारा ओढली जाऊन तो तापू लागला असता. दोन बॅटऱ्यांची क्षमता आणि वय वेगवेगळे. एकसर जोडणीत दोघींमधून सारखीच विद्युतधारा वाहते, त्यामुळे लहान बॅटरी आधी रिकामी होते आणि मोठी तिला तळाच्याही खाली खेचत नेते. शिवाय ४.८ व्होल्टच्या जागी ७.४ व्होल्ट मिळाल्यावर अडकलेल्या मोटरमधील उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वादोन पटींहून अधिक वाढते. गाडी सोफ्याच्या पायाला अडली आणि मुलाचे बोट कळीवरून उठले नाही, तर मोटरची तार किंवा तिला वीज देणारा ट्रान्झिस्टर करपायला फार वेळ लागत नाही.

खरा धोका तर याच्याही पुढे होता. “आणि या भरणार कशावर होतास?” आजोबांनी विचारले. मुलाने एका जुन्या खेळण्याचा चार्जर दाखवला. रात्री उशाशी लावून ठेवायचा त्याचा बेत होता.

तो चार्जर निकेलच्या सेलसाठी बनलेला होता. निकेल आणि लिथियम यांच्या भरण्याच्या रीती अगदी भिन्न आहेत. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल पूर्ण भरला, की त्याचे व्होल्टेज किंचित उतरते आणि चांगला चार्जर त्या खुणेवर थांबतो. साधा चार्जर थांबतही नाही, मंद गतीने भरतच राहतो. लिथियम सेल अशी खूण देत नाही. सर्वसाधारण लिथियम सेलला ४.२ व्होल्टवर काटेकोरपणे थांबवावे लागते. त्यापुढे भरत राहिले, तर आत लिथियम धातूचे थर साचतात, वायू निर्माण होतो, बॅटरी फुगते आणि आतील ज्वालाग्राही द्रव पेट घेऊ शकतो. पहारेकरी कापलेला, चार्जर न थांबणारा आणि घर झोपेत! आजोबांनी हे सारे एकेका वाक्यात सांगितले. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही.

मग वेग वाढवायचाच नाही का? आजोबांचे उत्तर वेगळे होते. त्यांनी जुने चार सेल मागवले. ते साधे झिंक-कार्बनचे, घड्याळात घालतात तसले निघाले. प्रत्येकावर १.५ व्होल्ट लिहिलेले. पण गाडीत बसवून वेग देताच चौघांचे मिळून ६ व्होल्ट ४ च्याही खाली घसरले. सेलच्या कप्प्यातील एका स्प्रिंगवर हिरवट पांढरा थरही चढला होता. आजोबांनी तो बारीक पॉलिश कागदाने घासून काढला. संध्याकाळी बाजारातून चार पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल आणि त्यांचाच, आपोआप थांबणारा चार्जर आला. त्या सेलवर लिहिलेले व्होल्टेज १.२, म्हणजे चौघांचे जेमतेम ४.८. मुलाला शंका आली, की गाडी आधीपेक्षाही हळू चालेल. पण या सेलची तोटी रुंद. मागणी वाढली तरी त्यांचे व्होल्टेज फारसे ढळत नाही. वेग दिल्यावर मल्टिमीटर ४.५ च्या आसपास स्थिरावला आणि गाडी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात गेली. लिहिलेला आकडा कमी, प्रत्यक्ष हाती आलेला जास्त!

लिथियमवर जायचेच असेल, तर त्याचीही सरळ वाट आहे. सर्किट आणि मोटर ते व्होल्टेज पेलतात का, हे आधी पाहावे. दोन्ही सेल एकाच जातीचे, एकाच क्षमतेचे आणि एकाच वेळी घेतलेले असावेत. खेळण्यासाठीच बनवलेला तयार संच सर्वांत बरा. जोडण्यापूर्वी लाल-काळ्या तारांची दिशा मल्टिमीटरने तपासावी, कारण एकसारख्या दिसणाऱ्या प्लगमध्येही निरनिराळे उत्पादक तारा उलट-सुलट बसवतात. चार्जर लिथियमचाच हवा आणि भरताना घरातील जाणते माणूस जागे व जवळ हवे. चार बारीक निकेल सेलचे वजन साधारण पन्नास ग्रॅम असते. ते गाडीच्या तळाशी असते तेव्हा तिला जमिनीला धरून ठेवते. नवी बॅटरी पाठीवर बांधली, की हीच गाडी वळणावर उलटते, आणि मग दोष चाकांना दिला जातो.

जोडलेल्या दोन्ही बॅटऱ्या आजोबांनी सोडवल्या, टोकांवर चिकटपट्टी लावली आणि एका कोरड्या पत्र्याच्या डब्यात वेगळ्या ठेवल्या. सुट्टी संपताच त्या ई-कचरा संकलन केंद्रावर द्यायच्या, घरच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, हे ठरले. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण घरातून त्या वेगळ्या निघाल्या, तरच पुढचे काम होते. फुगलेली बॅटरी तर कधीही टोचू, दाबू वा पुन्हा भरू नये.

रात्री मुलाने वहीचे एक पान आखले. एका रकान्यात स्थिर असतानाचे व्होल्टेज, दुसऱ्यात वेग दिल्यावरचे, तिसऱ्यात गाडीने काय केले ते. पहिल्या ओळीत त्याने इअरफोनच्या बॅटरीचे आकडे लिहिले आणि शेवटच्या रकान्यात ‘बिघाड’ असा शब्द लिहून थोडा थांबला. मग तो खोडून त्याने लिहिले, ‘नकार’. आजोबांनी वही पाहिली, मल्टिमीटर तिच्याजवळ ठेवला आणि म्हणाले, “हा आता तुझ्याकडेच राहू दे. पक्कड मात्र माझ्याकडे.”