वाटा गिरणीत, घर वांगणीला?



गिरणीच्या जमिनीचा हिशेब नीट ऐका. 1991 च्या नियमात तीन वाटे होते: एक पालिकेच्या मैदान-बागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 साली सरकारनं नियम फिरवला. वाटणी म्हणे फक्त मोकळ्या जमिनीची! जिथं खातं उभं, चिमणी उभी, ती जागा मालकाच्या पदरात. अहो, साच्याला साचा लागलेल्या गिरणीत मोकळी जागा असते तरी केवढी? 2006 साली सुप्रीम कोर्टानंही तेच कायम केलं.

2012 पासून सोडती निघाल्या, थोड्यांना चाव्या मिळाल्या. बाकीच्यांना 2024 च्या सरकारी ठरावानं दाखवलं शेलू-वांगणी. बदलापूरच्याही पुढं! लालबाग-परळात जन्म काढलेल्या म्हाताऱ्यानं तिथं जाऊन करायचं काय?

जागेवर घर देता येत नाही, असं कुणी सांगू नये. वरळीच्या बीडीडी चाळीत 160 फुटांच्या खोलीवाल्यांना 2025 साली तिथंच 500 फुटांची घरं मिळू लागली. ती झाली आणि आमचीच अडतात होय?

एन.टी.सी.च्या बंद गिरण्यांची जमीन मुंबईत आहे. आधी तिच्यातला आमचा वाटा मोजून दाखवा, मग वांगणीचं बोला.