विश्लेषण : पुरुषांची तपासणी झाली, पुढे काय?
सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने १८ वर्षांवरील पुरुषांसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ ही तपासणी मोहीम सुरू केली. अहिल्यानगर जिल्ह्यासाठी त्यातला महिना महत्त्वाचा. पाथर्डी-शेवगावचे ऊसतोड मजूर दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन बाहेर पडतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे तपासणीला गाठ पडू शकते. पण रक्तदाब निघाला तर गोळी रोज लागते. ती फडात कोण पोहोचवणार? त्यात रक्तदाब सहसा दुखत नाही. दवाखान्यासाठी खाडा केला तर मजुरी बुडते, आणि गोळी सुटते ती इथेच.

मनाचे दुखणे तर यंत्रावर उमटतही नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यात १,२२,७२४ पुरुष, म्हणजे दहांत सात. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात. झोप उडणे, सतत चिडचिड, दारू वाढणे ही लक्षणे असू शकतात. घरात मात्र ‘त्यांचा स्वभावच तसा’ म्हणून विषय संपतो.

बोलायचे कुणाशी? ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येते.