खड्ड्यांचे मूळ खडीत?

मंडळी, पावसाळ्यात घरी फोन केला की खड्ड्यांचा विषय निघतोच, आणि बाबा अजून स्कूटर चालवतात म्हणून आपल्याला इथे घोर लागतो. मुंबईत तर जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचा शुभारंभ झाला. पाण्यात डांबर टिकत नाही, हे कारण सगळ्यांना पटते. आम्हा अटलांटाकरांना ते अर्धेच पटते. इथे वर्षाला साधारण ५० इंच पाऊस पडतो, मुंबईच्या निम्म्याहून थोडा जास्त, आणि बहुतेक रस्ते डांबरीच आहेत.

डांबरी रस्त्यात वजनाने सुमारे ९५ टक्के खडी आणि कच असते, डांबर जेमतेम ५ टक्के. म्हणजे प्रश्न डांबर दगडाला किती घट्ट धरते याचा. ग्रॅनाइटमध्ये सिलिका भरपूर, आणि सिलिकाला डांबरापेक्षा पाणी जवळचे. भेगेतून शिरलेले पाणी दगड आणि डांबर यांच्या मध्ये घुसते, वरून चाके ते दाबत राहतात आणि डांबराचा थर सुटतो. हे बरेचदा तळाकडून सुरू होते. वरून रस्ता छान दिसतो आणि एका पावसात खड्डा!

गंमत म्हणजे जॉर्जियातला दगड मुख्यतः ग्रॅनाइटच (स्टोन माउंटन आपण सगळ्यांनी पाहिला आहे). म्हणून इथल्या परिवहन खात्याने १९८० च्या दशकापासून मिश्रणात साधारण १ टक्का विरलेला चुना घालायला लावला. चुन्यातले कॅल्शियम डांबरातल्या आम्लांशी जोडले जाते, आणि तो सांधा पाण्यात विरघळत नाही.

सह्याद्रीच्या काळ्या दगडात सिलिका कमी, म्हणजे आपली खडी मुळात ग्रॅनाइटपेक्षा बरी. पण क्रशरची धूळ न धुता, ओली खडी वापरली तर डांबर धुळीला चिकटते, दगडाला नाही. त्यात गटारे तुंबलेली!

नियम नाहीत असेही नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांनुसार पाण्यात ठेवल्यावर खडीवर किमान ९५ टक्के डांबर टिकले पाहिजे आणि भिजलेल्या मिश्रणाची ताकद किमान ८० टक्के उरली पाहिजे. गावाकडचे कितीतरी रस्ते अजून डांबराचेच आहेत. त्यांची खडी कोणत्या खाणीची आणि या चाचण्या त्याच खडीवर झाल्या का, हे घरच्या मंडळींना माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाची फी १० रुपये.