कासवाची झोंप

गेल्या मार्गशीर्षांत पाटोद्यास आमच्या घरीं दोन तट पडले, आणि तेही तळहाताएवढ्या एका कासवावरून. धाकट्या बंधूंनीं मुलांच्या हौसेखातर तें शहरांतून आणिलें होतें. काळ्या पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या, म्हणून मुलांनीं नांव ठेविलें तारा. थंडी वाढली तसा तारेनें पाला खाणें सोडलें आणि मान आंत घेऊन ती कोपऱ्यांत पडून राहूं लागली. दादांचें मत असें कीं, ही शीतनिद्राच. पेंढा भरलेल्या पेटींत घालून माळ्यावर ठेवावें व फाल्गुनांत काढावें. आई म्हणाली, "अरे, तें झोंपलेलें नाहीं, गारठलें आहे."

दादांचा आधार इंग्रजी ग्रंथाचा. सेलबोर्नचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनीं 1789 मध्यें छापलेल्या पुस्तकांत आपल्या घरच्या कासवाचें वर्णन केलें आहे. टिमथी त्याचें नांव. तें नोव्हेंबरांत स्वतःस जमिनींत पुरून घेई व एप्रिलांत वर येई. (हे टिमथीराव वस्तुतः मादी होते, हें पुढें कवच तपासल्यावर कळलें!)

परंतु टिमथी भूमध्य समुद्राकडील जातीचें. तसल्या कासवास झोंपविण्यापूर्वीं कित्येक दिवस उपाशी ठेवून पोट रिकामें होऊं द्यावें लागतें, कारण थंडींत पचन थांबून आंतील अन्न कुजतें. पुढें सुमारें पांच अंश सेल्सिअसचा गारवा सतत लागतो. आमच्या बालाघाटावर पहांटे हुडहुडी भरते खरी, पण दुपारीं पत्रे तापतात. अशा हवेंत जीव धड झोंपत नाहीं, धड जागत नाहीं; अंगची चरबी मात्र जळत राहते. लहान पिलाजवळ ती किती असणार!

शिवाय तारा आपल्याच देशची. गुजरात-राजस्थानचीं रुक्ष रानें, दक्षिणेकडील आंध्र-तामिळनाडू आणि श्रीलंका हें या जातीचें माहेर. पावसाळ्यांत हीं कासवें हिंडतात. कडक ऊन वा थंडी पडली कीं झुडपाखालीं मंदावतात, पण महिनोन् महिने निजत नाहींत. तळें आटल्यावर चिखलांत पुरून राहणारें मऊ पाठीचें पाणकासव निराळें, आणि तीही उन्हाळ्याची गोष्ट.

पेटी अर्थातच रद्द झाली. सकाळीं ओसरीवर ऊन, एका बाजूस सावली. रात्रीं उबदार खोली. उथळ ताटांत कोमट पाणी. तोंडांत बळेंच कांहीं घालूं दिलें नाहीं. चौथ्या दिवशीं तारेनें शेवग्याचें एक पान ओढलें, तेव्हां आईच्या चेहऱ्यावरील विजय पाहण्यासारखा होता.

तिला दाखविण्यास गुरांच्या डॉक्टरांकडे गेलों, तर तेथें दुसरेंच संकट. ते म्हणाले, हें वन्य जनावर. 1972 च्या कायद्यानें घरीं ठेवितां येत नाहीं, आणि 2022 च्या दुरुस्तीनें तर तें पहिल्या अनुसूचींत गेलें आहे. विकणाऱ्यानें हें सांगितलें नव्हतें, आणि आम्हीं शिकलेल्यांनीं विचारलेंही नव्हतें. डोंगरांत सोडून मोकळें व्हावें, असें एकाच्या मनांत आलें. पण हा मुलूख तिचा नव्हे, आणि घरांतला रोग रानांत जाण्याचें भय निराळेंच. शेवटीं वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर आम्हींच कळविलें. मुलें दोन दिवस आमच्याशीं बोललीं नाहींत.

वनरक्षक आले, तेव्हां थोरल्या मुलीनें टोपली स्वतः त्यांच्या हातीं दिली आणि बजाविलें, "काका, हिला माळ्यावर ठेवूं नका हं."